वीणेची तार आणि आपली धावपळ

(वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



'जरा दमाने घ्या' हे आपल्या समाजापुढे सांगताना आम्हाला संकोच वाटतो. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर थांबवून ठेवले, त्यांनी आता कुठे पाऊल उचलले आहे. आणि व्याख्याता येऊन म्हणतो, थांबा! बाबासाहेब लंडनला शिकत होते तेव्हा ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात ते बंद होईपर्यंत वाचत बसत. तसे ते बसले नसते, तर आज आम्ही या व्यासपीठावर उभे नसतो. तेव्हा कष्ट कमी करा, असे सांगायला आम्ही आलेलो नाही. कष्ट निराळे आणि घाई निराळी.

घाई कशी असते ते आपल्याच विहारात पाहावे. रविवारी त्रिसरण-पंचशील आगगाडीच्या वेगाने म्हटले जाते. कुणाला गॅसवरच्या कुकरची काळजी, कुणाला ट्यूशनची. शील घेतले की नुसते म्हटले, हे ध्यानात येण्याआधीच खिरीचे वाटप सुरू होते. (खीर मात्र कुणी घाईने खात नाही, हे मान्य केले पाहिजे.) दीक्षाभूमीवरही तेच. रांगेत तासन्‌तास उभे राहायचे, आत गेल्यावर हात जोडण्याऐवजी मोबाईल काढायचा, फोटो घ्यायचा आणि बाहेर पळायचे.

मज्झिम निकायातील दहावे सुत्त म्हणजे सतिपट्ठान सुत्त. चालताना, बसताना, चीवर नेसताना, जेवताना, पाणी पिताना त्या त्या क्रियेचे भान ठेवावे, असे तथागतांनी त्यात सांगितले आहे. म्हणजे साधना रोजच्या जगण्यातलीच आहे. धम्मात चित्ताची पाच नीवरणे, म्हणजे अडथळे सांगितले आहेत. तिसरे थीनमिद्ध, म्हणजे आळस-सुस्ती. आणि त्याला लागूनच चौथे उद्धच्च-कुक्कुच्च, म्हणजे चित्ताची चंचलता व हुरहुर. दोघे शेजारी शेजारी बसवले आहेत. आपण मुलांच्या आळसाला बोल लावतो, चंचलतेला मात्र हुशारी समजतो.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला सोण भिक्खूची कथा ठाऊक असावी. चंपा नगरीतील श्रीमंत घरचा हा मुलगा. तळपाय अत्यंत कोवळे. प्रव्रज्या घेतल्यावर राजगृहाजवळ चंक्रमण करता करता पाय फुटले, वाट रक्ताने माखली, तरी चित्त मुक्त होईना. तेव्हा घरी परत जावे, असा विचार त्याच्या मनात आला. भगवंतांनी त्याला रागावले नाही. तो पूर्वी वीणा वाजवीत असे, त्याबद्दल विचारले. तार फार ताणली तर सूर लागतो का ? सैल सोडली तर लागतो का ? सोणाला उमगले. त्याने साधना सोडली नाही, तार जुळवली. आपल्या अभ्यासिकेत रात्री अकरापर्यंत दिवा जळतो याचा आम्हाला अभिमान आहे. पण पुस्तकाचे एक पान उलटताना पुढच्या दहा पानांची धास्ती असेल, तर ते पान डोक्यात कसे शिरणार?

आणि वीणेवरून आठवले. उतारवयात, एवढ्या कामाच्या रगाड्यात आणि ढासळत्या प्रकृतीत बाबासाहेब व्हायोलिन शिकत होते. त्यांच्याइतका वेळेचा हिशेब कुणी ठेवला नसेल. तरी तारेवर बोट ठेवून बसायला त्यांनी वेळ काढला.

आता आमचीच एक चूक सांगतो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी आमची आई नागपुरात होती. तेव्हा ती सोळा वर्षांची. भंडारा जिल्ह्यातील खेड्यातून आजोबांबरोबर पांढरे लुगडे नेसून, फडक्यात भाकरी बांधून ती आली होती. पूज्य भदन्त चंद्रमणी महास्थवीरांकडून दीक्षा घेतल्यावर बाबासाहेबांनी लाखोंच्या समुदायाला दीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या समुदायात आमची आई होती. पुढे ती ते सांगायला बसली की आमची ऑफिसची वेळ झालेली असे. संध्याकाळी मंडळाची मीटिंग. "आई, निवांत ऐकतो, रविवारी." ती म्हणायची, "बरं, जा बापा." धम्मक्रांतीवर आम्ही गावोगाव भाषणे दिली, घरातली साक्षीदार मात्र तशीच राहिली. एकदा तिने सुरुवात केली होती, की गावी परतल्यावर आजोबांनी देव्हाऱ्यातले देव टोपलीत भरले आणि... तेवढ्यात आम्ही चप्पल घातली. ते देव वैनगंगेत सोडले की गावच्या तळ्यात, तेव्हा आजी रडली की हसली, हे आता सांगणारे कुणी उरले नाही. आईला जाऊन बरीच वर्षे झाली.

त्या दिवशी जे दहा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. आपल्या वस्तीत असे चार-पाच जण आहेत. त्यांचे बोलणे सावकाश असते. मध्येच ते थांबतात, नाव आठवत बसतात, एकच गोष्ट दोनदा सांगतात. आपण पुढचे वाक्य त्यांच्या तोंडात घालतो, आणि जे खरे ऐकायचे असते ते राहून जाते.

म्हणून मंडळाने या वर्षावासात एक लहानसे ठरवले आहे. येत्या पौर्णिमेला वंदना सावकाश होईल. त्यानंतर विहाराच्या मागच्या गल्लीतील आजी बोलणार आहेत. अभ्यासिकेतील दोन मुले वही घेऊन लिहून घेतील. प्रमुख पाहुणे नाहीत, हारतुरे नाहीत. कार्यक्रम सुरू होण्याची वेळ सायंकाळी सहाची आहे; संपण्याची वेळ पत्रिकेवर छापलेली नाही. चहा दोनदा होईल.

नमो बुद्धाय, जयभीम !