स्वादुपिंडाची गाठ आणि सोनोग्राफी

स्वादुपिंड जठराच्या मागे दडलेले असते. जठर-आतड्यांतील वायू ध्वनिलहरी अडवतो. म्हणून शिरूर-दौंडला उपाशीपोटी केलेल्या सोनोग्राफीतही लहान गाठ निसटू शकते. अहवाल निर्दोष आला, तरी कावीळ, घटते वजन, पाठीकडे जाणारी पोटदुखी वा उतारवयात अचानक उद्भवलेला मधुमेह असल्यास तेवढ्यावर विसंबू नये. पुढे सी.टी. स्कॅन आणि गरजेनुसार एंडोसोनोग्राफी करतात. तीत दुर्बिणीच्या टोकावरील सोनोग्राफी यंत्र तोंडावाटे जठरात उतरवून गाठ जवळून पाहतात, सुईने नमुनाही घेतात.

गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर १७ मार्च २०१९ रोजी याच कर्करोगाने निवर्तले. गाठ लवकर सापडली, तरच शस्त्रक्रियेने बरे होण्याची आशा असते. पुण्याला नेण्याचा खर्च मोजताना कुटुंबीयांनी हातातून जाणारे दिवसही मोजावेत.