कुणबिणीची कादंबरी

पेशवे दफ्तरात धान्याचे, घोड्यांचे, दारूगोळ्याचे हिशेब आहेत, तसे माणसांचेही आहेत. कोठी, पागा, बागा, किल्ले अशा ठिकाणी सरकारी कुणबिणी राबत असत. कुणबीण म्हणजे विकत घेतलेली, कुणाला बक्षीस दिलेली, किंवा लेकीच्या लग्नात भांड्याकुंड्यांबरोबर आंदण पाठवलेली बाई. काही जणी शिक्षा म्हणून यायच्या. शिंदळकीचा आरोप शाबीत झाला, की सरकार त्या बाईला ताब्यात घेई आणि पुढचं आयुष्य ती कोठीत दळण दळण्यात, नाहीतर गोठ्यात शेण काढण्यात घालवी. कागदांत तिचं नाव सापडतं, वय सापडतं, किंमत सापडते. वर्षाला किती धान्य द्यायचं, लुगडं किती हातांचं, हेही सापडतं. माहेर कुठलं, आई कोण, हे शोधायला गेलं तर हाती फारसं काही लागत नाही. तिला मूल झालं तर ते धन्याचं. अशा मुलांना लेकावळे म्हणत, आणि त्या एका शब्दात त्यांचं कूळ संपे.

हा व्यवहार शनिवारवाड्यात आणि त्याच्या आसपासही चालत होता. मी बोलतेय आळंदीहून. पुण्याहून पहाटे निघालेली बाई दुपारपर्यंत चालत इंद्रायणीच्या घाटावर पोचेल, एवढंच अंतर.

आम्ही 'स्वामी', 'राऊ', 'पानिपत' वाचत मोठे झालो. हरिभाऊ आपट्यांपासून मराठीत ऐतिहासिक कादंबरीची मोठी वाट आहे आणि मला तिचा अभिमान आहे. पण त्या वाटेवर चालताना वाड्यातली समई कोण पाजळतं, मुदपाकखान्यातलं पीठ कोण दळतं, हा प्रश्न मला अनेक वर्षं पडला नाही, कारण कादंबऱ्यांनी तो पडू दिला नाही. मसलत, मोहीम, शृंगार यांच्या कडेने ती बाई तबक घेऊन येते आणि निघून जाते. ती कुठून आली आणि रात्री कुठे निजते, हे मला वाचायचं आहे.

अमेरिकेतल्या लेखकांनी ही वाट पाडली. अलेक्स हेली यांचं 'रूट्स' १९७६ साली आलं. गुलाम म्हणून नेलेल्या पूर्वजाचा माग काढत ते आफ्रिकेतल्या गांबियापर्यंत गेले. टोनी मॉरिसन यांनी १९८७ साली 'बिलव्हेड' लिहिली. तिच्या मागे मार्गारेट गार्नर या खऱ्या बाईची हकीकत होती. १८५६ साली मालकाच्या तावडीतून पळालेली ही आई पकडली जातेसं दिसताच लेकीला गुलामीत परत पाठवण्यापेक्षा स्वतःच्या हाताने मारून बसली. वर्तमानपत्रातल्या त्या बातमीत आईचं मन नव्हतं. ते मॉरिसनबाईंनी लिहिलं. कागद जिथे थांबतो तिथून कादंबरीकाराने पुढे जायचं असतं.

आपल्याकडचा एक धागा तर दुसऱ्यांनी उचललासुद्धा. समुद्रावर पकडलेल्या गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकी मुलं एकोणिसाव्या शतकात मुंबईला आणत. त्यांतल्या काहींना नाशिकच्या शरणपूरला मिशनऱ्यांच्या शाळेत ठेवलं होतं. जेकब वेनराइट हा त्यांतलाच एक. १८७३ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा मिशनरी प्रवासी आफ्रिकेत वारला, तेव्हा त्याचं शव हजाराहून अधिक मैल चालत किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत हा नाशिकला शिकलेला तरुण होता. पुढे तो शवाबरोबर लंडनपर्यंत गेला. झिंबाब्वेच्या पेटिना गप्पा यांनी २०१९ साली त्या प्रवासावर कादंबरी लिहिली. गोदाकाठच्या त्या मुलांची कादंबरी मला मराठीतही वाचायची आहे.

आणि आळंदीला तर कुळीचा प्रश्न कधीच नवा नव्हता. विठ्ठलपंत संन्यास सोडून परत संसारात आले म्हणून त्यांना वाळीत टाकलं ते इथेच. त्या आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्याचं परंपरा सांगते. मागे राहिलेली चार मुलं 'संन्याशाची पोरं' म्हणून हिणवली गेली आणि शुद्धिपत्रासाठी पैठणला गेली. आज त्यांतल्याच एकाला अवघा महाराष्ट्र माऊली म्हणतो. कोण कुणाच्या पोटी जन्मला यावरून माणसाला नासवता येतं, हे या गावाइतकं कुणाला ठाऊक असणार?

त्याच काळातली जनाबाई. गंगाखेडची पोर, लहानपणीच पंढरपुरात नामदेवांच्या वडिलांच्या, दामाशेटींच्या घरी आली आणि तिथेच राबत राहिली. ती विकत घेतलेली होती असं मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. पण दळण, कांडण, सडासारवण, गोवऱ्या हे तिचं जग होतं, आणि स्वतःला तिने नामयाची दासी म्हणवून घेतलं. मला तिचं मोठेपण भक्तीपेक्षाही एका धिटाईत दिसतं. तिने देवाला कामाला लावलं. तिच्या अभंगांत विठ्ठल दळू लागतो, शेणी वेचतो, तिची वेणी घालतो. जिच्या मदतीला कुणी नव्हतं, तिने मदतीला थेट पंढरीनाथच बोलावला आणि त्याच्यावर रागावण्याचा हक्कही ठेवला. पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचं म्हणून जातं दाखवतात. बायका त्याचा खुंटा धरून एक फेरा देतात. मीही दिला आहे. दगड जड आहे.

जनाबाईचा सूर जात्यापाशी शेकडो वर्षं टिकला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुणे जिल्ह्यापासून सुरुवात करून गावोगावच्या बायकांकडून लाखभर ओव्या गोळा केल्या. त्यांत सासर आहे, मारहाण आहे, भाऊ आहे, आळंदी आहे आणि जनीही आहे. दफ्तरातल्या कागदांत कुणबिणीची किंमत आहे, आवाज नाही. तो आवाज कसा असेल, याची चाहूल मला या ओव्यांत लागते. पहाटे तीनला कोठीतल्या जात्यावर बसलेल्या बाया मुकाट्याने दळत असतील, हे मला पटत नाही.

आता मला हवी असलेली कादंबरी सांगते.

कुणबिणीच्या सुटकेची एक रीत होती. वय झालं, हातून काम होईना, तर बदली बाई देऊन तिला सोडवून नेता येई. म्हणजे कुणीतरी दुसरी विकत आणायची, तिला जात्याशी बसवायची, मग हिने बाहेर पडायचं. दुसऱ्या बाजीरावाच्या शेवटच्या वर्षांत अशी एक बाई पुण्यातून सुटते. तिच्या लेकावळ्या मुलाने कुठेतरी शिलेदाराच्या पदरी राहून चार पैसे साठवलेत आणि आईच्या जागी एक तरुण पोर आणून दिली आहे. आई बाहेर येते, आळंदीला जाते, कुठल्याशा फडावर भाकऱ्या थापून राहते. १८१८ साली पेशवाई बुडते, आणि तिला कळतसुद्धा नाही की आता कोठीचं काय झालं. १८३० नंतर हैबतबाबा आरफळकर माऊलींची पालखी थाटाने पंढरीला नेऊ लागतात, तेव्हा ही म्हातारी दिंडीत चालते. गुलामीला कोर्टात मान्यता नाकारणारा कायदा १८४३ साली होतो, तोवर ती जिवंत असेल-नसेल. माणूस विकणं गुन्हा ठरायला तर १८६० ची दंडसंहिता यावी लागली. आणि वेठबिगारी बंद करायला १९७६ साली आपल्याच लोकशाहीला कायदा करावा लागला. उचल घेऊन वीटभट्टीवर अडकलेली कुटुंबं त्यानंतरही राहिली.

दिंडीत जनाबाईचा अभंग सुरू होतो आणि म्हातारीच्या तोंडून सूर निघत नाही. तिला ती पोर आठवते. पहिल्या दिवशी तिने त्या पोरीला खुंटा कसा धरायचा ते दाखवलं होतं, हातावर फोड येऊ नयेत म्हणून चिंधी गुंडाळून दिली होती. आपली सुटका म्हणजे तिची कैद, हे दोघींनाही माहीत होतं. मुलगा आईला म्हणतो, तुझं पुण्य फळाला आलं. त्याला ती काय उत्तर देते, हे लिहायला धीट लेखक हवा. विठ्ठल दळायला येतो, पण दोन जाती चालू असतील तर तो कुणाच्या जात्याशी बसेल, हे विचारण्याची ताकद त्या म्हातारीत असली पाहिजे.

कादंबरीचा दुसरा भाग त्या पोरीचा. ती कुठून आणली, कुणी विकली, तिची आई मागे किती दिवस वाट पाहत राहिली, हे सगळं तिने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. तो भाग पहिल्यापेक्षा मोठा असावा, एवढी माझी लेखकांना विनंती आहे.