समत्वाची परीक्षा
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



योग म्हटलं की आपल्याला आसनं आठवतात. पण पतंजलींच्या योगसूत्रांत आसनांवर जेमतेम ३ सूत्रं आहेत. मुख्य विषय आहे मन. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तर समत्वालाच योग म्हटलंय. आणि ते सांगितलं कुठे? गुहेत नव्हे, रणांगणावर, समोर आपलीच माणसं उभी असताना!

सहाव्या अध्यायात अर्जुनाची तक्रार आहे की, मन वाऱ्यासारखं आवरत नाही. कृष्ण दोन उपाय सांगतात: अभ्यास आणि वैराग्य. पतंजलीही हेच दोन शब्द वापरतात.

अभ्यास म्हणजे रोज दहा मिनिटं शांत बसायचं, श्वास सावकाश सोडायचा, मन पळालं की न रागावता परत आणायचं. वैराग्य म्हणजे घर सोडणं नव्हे. माझ्या मते, 'माझंच खरं' हा हट्ट सोडणं.

पार्किंग, गळती, पुनर्विकास हे प्रश्न येतच राहणार. मतभेद व्हावेतही. पण सभेत बोलायला उठण्याआधी एक दीर्घ श्वास घेतला, तर बोलणं मुद्द्यावर राहतं आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये एकमेकांकडे बघून हसता येतं. आपल्या समत्वाची परीक्षा तिथेच आहे.

रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा.