कुंपण आणि दप्तर



सीमारक्षणाचा विषय निघाला की जवान आणि काटेरी तार डोळ्यांसमोर येतात. दप्तर कोणालाच आठवत नाही. आसामचे जुने दुखणे मात्र दप्तरातच आहे.

भारत-बांगलादेश सीमा सुमारे ४,०९६ किलोमीटर लांबीची. त्यांत आसामच्या वाट्याला अवघे २६३ किलोमीटर येतात. पण धुबरी जिल्ह्यात ती ब्रह्मपुत्रेच्या पात्रातून जाते. नदी कूस बदलते; वाळूची बेटे, ज्यांना तिकडे ‘चर’ म्हणतात, बुडतात आणि दुसरीकडे वर येतात. तेथे खांब रोवायचा कोठे? म्हणून २०१९ मध्ये त्या ६१ किलोमीटरच्या पट्ट्यात कॅमेरे व संवेदकांचा पहारा बसविण्यात आला. जमिनीवरचे कुंपणही बहुतेक ठिकाणी सीमारेषेपासून दीडशे यार्ड आत आहे. परिणामी आपलाच शेतकरी ठरावीक वेळी उघडणाऱ्या फाटकातून, ओळखपत्र दाखवून, आपल्याच शेतात जातो. सीमेची किंमत खऱ्या अर्थाने तो मोजतो.

आता कायद्याचे पाहा. १९४६ च्या विदेशी नागरिक कायद्यानुसार आपण परकीय नाही हे संबंधित व्यक्तीनेच सिद्ध करायचे. १९८३ मध्ये केवळ आसामसाठी वेगळा कायदा झाला आणि हा भार तक्रारदारावर व शासनावर गेला. देश एक, घुसखोरी एक, न्याय मात्र दोन! ज्या प्रांताला संरक्षणाची निकड अधिक, त्याच्याच हाती बोथट शस्त्र! सर्बानंद सोनोवाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये तो घटनाबाह्य ठरविला. परकीय आक्रमणापासून राज्यांचे रक्षण करण्याच्या केंद्राच्या कर्तव्याचे, ३५५ व्या अनुच्छेदाचे, स्मरण न्यायालयाने त्या निकालात करून दिले. तोवर बावीस वर्षे गेली होती.

पुढे राष्ट्रीय नागरिक नोंदवही आली. २४ मार्च १९७१ च्या मध्यरात्रीपूर्वीचा पुरावा हा तिचा निकष. ३१ ऑगस्ट २०१९ च्या यादीतून १९ लाख ६ हजार ६५७ जण वगळले गेले. त्यांत घुसखोर किती आणि पुरात कागद गमावलेले स्वदेशीय किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. पुढील पाच वर्षांतही ती यादी अधिसूचित झाली नाही. अपराधी निर्धास्त, निरपराधी टांगणीला, अशी ही अवस्था!

१ सप्टेंबर २०२५ पासून १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे चार कायदे जाऊन एकच स्थलांतर व विदेशी नागरिक कायदा लागू झाला. ते योग्यच झाले. पुराव्याचा भार याही कायद्यात व्यक्तीवरच आहे आणि तो तसाच असावा. पण मग १९५१ ची नोंदवही आणि १९७१ पूर्वीच्या मतदारयाद्या यांच्या नकला चरावरच्या म्हातारीला तारखेआधी मिळाल्या पाहिजेत. ते काम सीमेवरच्या जवानाचे नव्हे, जिल्ह्याच्या कचेरीचे आहे.