‘सावित्री’ची पत्रे

(मंडळाच्या साहित्य-मेळाव्यात केलेले भाषण)



‘आवडलेली प्रेमकथा’ या विषयावर आम्ही बोलावे, असा आग्रह चिटणिसांनी धरला, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींना हसू आवरले नाही. तीस वर्षे ज्याने सरकारी टिपणे लिहिली, त्याने प्रेमावर काय बोलावे? परंतु एका कादंबरीशी आमचा जुना वाद आहे. तो आज आपल्यापुढे मांडतो.

ती कादंबरी म्हणजे पु. शि. रेगे यांची, १९६२ साली प्रसिद्ध झालेली ‘सावित्री’. रेगे मूळचे कोकणातील मिठबावचे. पेशाने अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि वृत्तीने कवी. संपूर्ण कादंबरी सावित्रीच्या पत्रांची आहे. पत्रे ज्याला लिहिली त्याचे नाव नाही, त्याचे एकही पत्र नाही. सावित्री वडिलांसह जपानला जाते, दुसरे महायुद्ध पेटते, वर्षे लोटतात आणि पत्रे चालूच राहतात. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मध्ये (१९३९) बोटीवरच्या मोजक्या दिवसांत जे हातचे निसटते, ते येथे वर्षानुवर्षे निसटत राहते, आणि तरीही कोठे आक्रोश नाही!

नोकरीनिमित्त दिल्लीस आल्यावर करोलबागेतील भाड्याच्या खोलीत आम्ही ती प्रथम वाचली. तेव्हा आमचा राग सावित्रीवर होता. इतकी समजूतदार स्त्री कोठे असते काय? एकदा तरी तिने खडसावून विचारावे! मोराची वाट पाहणाऱ्या लच्छीची गोष्ट त्या पुस्तकात आहे. वाट पाहता पाहता आपणच आनंदी व्हावे, असा तिचा रोख. ही पराभवाला दिलेली गोंडस झालर आहे, असे आमचे त्या वयातील मत होते.

गेल्या वर्षी पुन्हा वाचताना मात्र ध्यानात आले की, सावित्री नुसती वाट पाहत नाही. ती जगते, माणसे जोडते. खोळंबलेला असलाच तर तो पत्रे वाचणारा. कार्यालयात एकाच बाजूची पत्रे असलेली फाइल समोर आली की आम्ही प्रथम विचारतो, उत्तरे कोठे आहेत? हा प्रश्न कादंबरीतल्या त्या गृहस्थाला विचारण्यास आम्हांला पंचवीस वर्षे लागली.

त्याचे कारणही सांगून टाकतो. लग्नानंतरची सहा वर्षे आम्ही दिल्लीत आणि सौभाग्यवती सांगलीस शिक्षिका, असा आमचा संसार होता. एसटीडीचे दर परवडत नसत. दर आठवड्यास त्यांचे अंतर्देशीय पत्र येई. आमची उत्तरे मनीऑर्डर आणि रेल्वेचे आरक्षण यांपलीकडे फारशी जात नसत. ‘नोकरी सोडून तिकडे येऊ का?’ असे त्यांनी एकदा विचारले. क्वार्टर मिळाल्यावर कळवू, असे मनाशी ठरवून आम्ही ते पत्र बाजूस ठेवले. त्यांनी पुन्हा विचारले नाही. त्यांच्या पत्रांत पुढेही शाळेचे स्नेहसंमेलन, अंगणातला पारिजातक, सारे पूर्वीसारखेच येत राहिले आणि आम्ही समजलो, सर्व क्षेम आहे.

यंदा रामकृष्णपुरमचे घर सोडून नोएडास येताना जुन्या ट्रंकेत आमचेच एक पत्र सापडले. त्याच प्रश्नाचे उत्तर, तीन ओळींचे. ‘ताबडतोब निघून या. क्वार्टरचे पुढे पाहू.’ पाकिटावर पत्ता लिहिलेला होता, तिकीट लावलेले नव्हते. सौभाग्यवती येथे तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. हे त्या आत्ताच प्रथम ऐकत आहेत.