ओंडक्यावरचा पिवळा पाहुणा



पावसाची झड लागून गेली आणि मधेच उघडीप पडली, की कुजक्या ओंडक्याकडे जरा वाकून बघा. एखाद्या वेळी त्यावर पिवळाधमक, ओलसर थर दिसेल, कोणी पातळ पिठलं सांडल्यासारखा. हा स्लाइम मोल्ड. शास्त्रीय नाव फुलिगो सेप्टिका. बघणारा त्याला बुरशी समजून पुढे जातो, पण हा अमीबाच्या गोतावळ्यातला जीव. तळहाताएवढा पसरला तरी ती एकच पेशी असते. आतली केंद्रकं दुभागत दुभागत लाखोंच्या घरात जातात, पण मधे भिंती पडत नाहीत. जिवाणू आणि बुरशीचे बीजाणू गिळत ही पेशी तासाला जेमतेम सेंटिमीटरभर सरकते.

खाणं संपलं की साधारण एका रात्रीत तिचं रूप पालटतं, आणि बीजाणूंच्या थैल्या उभ्या राहतात. स्टेमोनायटिस या दुसऱ्या स्लाइम मोल्डचे काळ्या देठांवरचे तपकिरी तुरे, लायकोगाला या तिसऱ्याचे गुलाबी मणी नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. बाकी पुष्कळ जाती मात्र मिलिमीटर-दोन मिलिमीटर उंचीच्या. त्यांच्यासाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग हवं, आणि त्याहून जास्त हवी ती चिकाटी. ओंडक्याची खालची बाजू आणि पालापाचोळ्याचा ओला थर आधी तपासावा.

भर उन्हाळ्यातही हे काम थांबत नाही. जिवंत झाडाची सुटलेली कोरडी साल आणा, झाकणाच्या काचेच्या बशीत टिपकागदावर ठेवा आणि शुद्ध पाण्यात भिजवा. दुसऱ्या दिवशी जादा पाणी ओतून टाका आणि बशी थेट उन्हात ठेवू नका. मग रोज भिंगाखाली बघत राहा. काही जाती चार-आठ दिवसांत उगवतात, काहींना कित्येक आठवडे लागतात. गिल्बर्ट आणि मार्टिन या अमेरिकी अभ्यासकांनी 1933 साली ही पद्धत मांडली. आजही जगभर तीच चालते.

या विषयात हौशी माणसांनी केवढं काम केलं आहे! जपानचे मिनाकाता कुमागुसु कुठल्याही विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. 1917 साली त्यांना स्वतःच्या अंगणातल्या झाडावर एक अनोळखी स्लाइम मोल्ड सापडला. इंग्लंडच्या गुलिएल्मा लिस्टर यांनी तो नव्या प्रजातीचा ठरवून तिला मिनाकातांचं नाव दिलं. 1929 मध्ये याच मिनाकातांनी सम्राट हिरोहितोंना, जे स्वतः स्लाइम मोल्डचे जाणकार होते, 110 नमुने भेट दिले, तेही टॉफीच्या रिकाम्या खोक्यांत भरून! दरबारी शिष्टाचाराला हे कितपत रुचलं असेल, कोण जाणे. नमुन्यांसाठी मात्र खोकं अगदी योग्य होतं.

आपल्याला काड्यापेटी पुरते. वाळलेला नमुना लाकडाच्या तुकड्यासकट आत चिकटवा. वर तारीख, गाव, झाडाचं नाव, साल जिवंत झाडाची की मेलेल्या लाकडाची, हे तेव्हाच लिहा. थैल्या फोडू नका. बीजाणूंची धूळ काहींच्या श्वासाला त्रास देते. आणि चिठ्ठी नसलेला नमुना कितीही देखणा असला, तरी अभ्यासाच्या कामाचा नाही.