घड्याळाचा तुटलेला कान

आज आम्ही आमच्या गटातल्या एका घड्याळाबद्दल बोलणार आहोत.

गटातल्या एका ताईंची लेक नर्सिंगच्या शिक्षणाला लागली. वॉर्डात मोबाईल चालत नाही आणि नाडी मोजायला सेकंदकाटा हवाच. नवं परवडेना, म्हणून आठवडे बाजारातून जुनं, चावी द्यायचं एचएमटीचं घड्याळ घेतलं. ही घड्याळं बंगळूरला १९६१ पासून बनू लागली, आपल्या वडीलधाऱ्यांच्या हातात तीच असायची. मशीन ठणठणीत होतं. पण आठवड्यात पट्टा निसटला. पाहतो तर केसचा एक कान, म्हणजे पट्ट्याची पिन जिथे अडकते तो भाग, तुटून हातात आला.

एका दुकानात तो चिकटवून दिला. चार दिवसांत घड्याळ नळाच्या कट्ट्यावर पडलं. काच वाचली, नशीब. मनगट हललं की पट्ट्याचा सगळा ताण त्या एवढ्याशा कानावर येतो, तिथे चिकटवणी कशी टिकणार?

आमच्यात वादही झाला. जुन्यावर पुन्हा पैसे का घालायचे, असं काहींचं म्हणणं. शेवटी ठरलं, आधी धातू कोणता ते पाहू. मागच्या झाकणावर इंग्रजीत ‘स्टेनलेस स्टील बॅक’ कोरलेलं, त्यामुळे आम्हाला सगळंच स्टीलचं वाटत होतं. पण ते फक्त झाकणापुरतं असतं! बऱ्याच जुन्या केस पितळेच्या असतात, वरून क्रोमचा मुलामा. तुटल्या जागी पिवळं दिसलं तर पितळ, त्याला डाख बसतो. करडं, दाणेदार दिसलं तर बहुधा जस्ताची मिश्र धातू. ती आचेला वितळते, तिथे दुसरी केसच शोधावी.

आमचं पिवळं निघालं. एका जुन्या घड्याळजींनी मशीन, तबकडी, काच, चावी, रबराची कडी सगळं काढून ठेवलं. हे केल्याशिवाय कुणालाही केस तापवू देऊ नका, मशीन कामातून जाईल. रिकामी केस सोनाराकडे नेली. त्यांनी टाकणखार लावून चांदीचा डाख दिला, कानशीने घासलं आणि पिनेचं भोक नव्याने पाडलं. खर्च निम्मा ताईंनी दिला, निम्मा गटाने.

आचेने तिथला मुलामा गेला, पिवळा डाग राहिला. पुन्हा मुलामा देता येतो, पण लेक म्हणाली, राहू दे. एवढंच, उघड्या पितळेला घाम लागला की कातडी हिरवट होते, म्हणून रात्री ती घड्याळ काढून पुसून ठेवते.

परवा सुट्टीत आली तेव्हा बैठकीत तिने आम्हा सगळ्यांची नाडी मोजली, प्रत्येकीची पूर्ण मिनिटभर. नव्या घड्याळाचा हट्ट धरणाऱ्या काकूंचा हात सगळ्यात आधी पुढे आला होता.